नरहरीपंत पांढरीपांडे यांचं टेन्शन

भिलाईत तेव्हा सगळंच हालत असे. क्रेन हालत, रूळ भरून निघालेल्या मालगाडीनं मरोद्याच्या क्वार्टरांच्या खिडक्या हालत, आणि भोपाळहून कोणी मंत्री यायचा म्हटला की अधिकारीही जागचे हालत. हालत नसे तो एकच हात, पोलाद कारखान्याच्या डिझाइन ऑफिसातले हेड ड्राफ्ट्समन नरहरीपंत पांढरीपांडे यांचा. पंतांनी पट्टी न लावता रेघ ओढायची आणि नवख्या इंजिनियरनं ती पट्टी लावून तपासायची, असा एक खेळच तिथे चाले. रेघ आणि पट्टी जुळली नाही, तर लोक पट्टी बदलून बघत.

हाताप्रमाणेच स्वभाव. पंतांना कशाचंच काही वाटत नसे. हुडको कॉलनीतल्या घराचं छत गळलं, एकुलत्या एका मुलीची, साधनाची, परीक्षा आली, हिंगणघाटहून आईचं पत्र आलं, बायको काही सांगू लागली, की पंत डोळे अर्धे मिटून "होईल बरं" म्हणत. आणि खरोखर ते होई. कसं होई, कोण करी, हा प्रश्न त्यांना पडला नव्हता. आपण स्थितप्रज्ञ आहोत असं ते कोणाला सांगत नसत. पण कोणी म्हटलं तर अडवतही नसत.

पांढरीपांडे हे आडनाव सवडीनं घ्यायचं आहे आणि कारखान्यात कोणाला सवड नव्हती, म्हणून तिथे ते पांडेजी झाले होते. बिहार-यूपीकडची माणसं त्यांना आपल्यातलं समजून गावाकडची गाऱ्हाणी सांगत. पंत मान डोलावत. भाषेचंही तसंच. नागपूरहून निघताना ते 'मला' म्हणत निघाले होते. वीस वर्षं भिलाईत काढल्यावर वऱ्हाडी शेजाऱ्यांच्या संगतीनं घरात 'मले' आलं, आणि साधना तर वाक्य मराठीत सुरू करून हिंदीत उतरवत असे. पंतांना त्याचंही काही वाटलं नाही.

अशा माणसाचा हात सत्त्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात थरथरला.

एका पाण्याच्या नळीचा नकाशा होता. पंतांनी शाईनं रेघ ओढली, ती मध्येच नागमोडी गेली. हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही, कारण आपली रेघ वाकडी जाऊ शकते असा विचार करण्याची त्यांना सवय नव्हती. आता नकाशाच्या भाषेत नागमोडी रेघ म्हणजे 'वस्तू इथे तोडून दाखवली आहे.' वर्कशॉपमधल्या लोकांचा पांडेजींच्या रेघेवर इतका विश्वास, की त्यांनी नळी खरोखरच तिथे तोडली.

त्यांचे साहेब अरुणकुमार यांनी त्यांना बोलावलं. पंत बोलणी खायच्या तयारीनं गेले होते. पण साहेबांनी दार लावून घेतलं, खुर्ची दिली, पाणी दिलं आणि अगदी हलक्या आवाजात विचारलं, "पांडेजी, घर में सब ठीक है न?"

पंत थक्क झाले. साहेब रागावले असते तर चाललं असतं. साहेबांना त्यांची कीव आली होती.

मग एकेक लक्षात येऊ लागलं. कूलरसमोर बसून घाम फुटत होता. छातीत कोणी पाटा-वरवंटा चालवतंय असं वाटे. झोप पहाटेच उडे आणि अंगात असं काही वारं भरे की पंत उठून मरोद्याच्या तलावापर्यंत तरातरा चालून येत. भूक दुप्पट झाली. पोळ्यांची चवड संपे, पंत आणखी मागत, आणि तरी पँट कमरेवर राहायला तयार नव्हती. माणूस खातो आणि वाळतो, हे गणित कोणालाच सुटेना.

सेक्टरच्या दवाखान्यातल्या डॉक्टर ओमप्रकाशांना मात्र ते लगेच सुटलं. त्यांनी नाडी बघितली, पट्टा गुंडाळून दाब बघितला, पंतांच्या थरथरणाऱ्या बोटांकडे एक दयाळू नजर टाकली आणि म्हणाले, "टेन्शन है."

"किस बात का?" पंतांनी विचारलं.

"वो तो आप बताएँगे."

चोरीचा आळ यावा आणि काय चोरलं तेही आपणच सांगावं, असा प्रकार होता. झोपेच्या गोळ्यांची पुडी घेऊन ते घरी आले. बायको सुशीलाबाई पोळ्या लाटत होत्या.

"काय म्हणले डॉक्टर?"

"टेन्शन म्हणते."

"कोणाले?"

"कोणाले म्हणजे? मले."

सुशीलाबाईंचं लाटणं थांबलं. त्या पंतांकडे बघत राहिल्या आणि मग हसायला लागल्या. इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं आणि तव्यावरची पोळी करपली. नवऱ्याच्या दुखण्यावर हसणारी बायको पंतांनी प्रथमच पाहिली. त्या दिवशी ते रागानं दोन पोळ्या जास्त जेवले.

शेजारच्या भैय्याजींना सांगायची गरज पडली नाही. हुडकोतल्या भिंतीच तशा होत्या. भैय्याजी रेल मिलमधून फोरमन म्हणून रिटायर झालेले, आणि आयुष्यभर लाल तापलेलं लोखंड पाहिल्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट रंगावरून ओळखता येते असा त्यांचा दावा होता.

"पंत, तुमचा रंग गेला," ते येऊन म्हणाले. "हे मनाचं आहे. माणूस मनातलं दाबून ठेवते, मग थे हातातून निघते. सांगून टाका."

"काय सांगू?"

"जे असन थे."

"काही नाही न पण, भैय्याजी."

"हेच थे दाबणं," भैय्याजी म्हणाले.

या युक्तिवादाला जगात उत्तर नाही. पंत नाही म्हणतील तितकं ते सिद्ध होई. आठवडाभरात शेजारपाजारच्या घरांची सगळी लाइन पंतांची चिंता शोधायला लागली. गणपतीची वर्गणी गोळा व्हावी तशा चिंता गोळा झाल्या. ज्याच्या घरी जे होतं ते त्यानं पंतांच्या नावावर लावलं. ज्याची बदली अडली होती तो म्हणाला बदलीचं असेल. ज्याच्या मुलीचं जमत नव्हतं तो म्हणाला, साधना आता मोठी झाली. एकानं भावकीतल्या जमिनीचा वाद सुचवला. पंतांनी आठवून पाहिलं, जमीनच निघाली नाही. तो गृहस्थ मग बराच वेळ स्वतःच्या जमिनीबद्दल बोलला आणि मोकळा होऊन गेला.

बायकांचा निष्कर्ष वेगळा होता. तो साधनानं घरी आणला.

"बाबा, एक बात सांगू? तुमी रोज पहाटे मरोद्याकडे जाता न. तर लाइनमधी सब बोल रहे हैं, की मरोद्यात तुमचं कोणीतरी आहे."

पंतांच्या हातातला चहाचा कप बशीवर इतका वाजला की शेजारून भैय्याजींनी "काय झालं?" विचारलं. वीस वर्षांच्या चारित्र्याचा असा पहाटेच्या फिरण्यावरून निकाल लागावा? ते सुशीलाबाईंकडे वळले. खुलासा करावा म्हणून त्यांनी तोंड उघडलं.

"जाऊ द्या न," सुशीलाबाई मेथी निवडता निवडता म्हणाल्या. "बायकांनी मले आधीच विचारलं. मी सांगून टाकलं त्यांले, यांच्यानं थे होणार नाही म्हणून."

आळ गेला. पण तो ज्या रीतीनं गेला, त्यानं पंतांना आळापेक्षा जास्त लागलं.

आता त्यांनी हट्टच धरला. शरीरात काहीतरी आहे आणि ते शोधून ओमप्रकाश डॉक्टरांच्या टेबलावर आपटायचं. पॉवर हाउस भागातल्या बाजारात एक खाजगी रक्त-लघवी-शौच तपासणीचं दुकान होतं. तिथल्या माणसानं नाव विचारलं, पंतांनी पूर्ण सांगितलं, त्यानं अर्धं लिहिलं. संध्याकाळी रिपोर्ट हातात आला. त्यात जंत होते. पंतांना इतका आनंद झाला की जंत झालेला एवढा प्रसन्न माणूस दुकानदारानं पाहिला नसेल. घरी येऊन त्यांनी रिपोर्ट भैय्याजींना वाचून दाखवला, जंतांचं कडक औषध घेतलं, आणि पुढचे दोन दिवस संडासाच्या वाटेवर काढले. तिसऱ्या दिवशी दुकानाचा माणूस सायकलवर शोधत आला. रिपोर्ट दुसऱ्या पांडेजींचा होता. पंतांचा खरा रिपोर्ट त्यानं दिला. त्यात काहीही नव्हतं.

"मग त्या पांडेचं काय झालं?" पंतांनी क्षीण आवाजात विचारलं.

"उनको डॉक्टर ने कहा, रिपोर्ट में कुछ नहीं है, टेन्शन होगा."

एका अनोळखी माणसाचे जंत आपण निस्तरले आणि त्याला आपलं टेन्शन मिळालं, हा व्यवहार पंतांच्या मनातून बरेच दिवस जाईना.

भैय्याजी आता इरेला पेटले. त्यांनी पंतांना लुनावर मागे बसवून जुनवानीला नेलं. तेव्हा जुनवानी म्हणजे गावच, शेतांमधून वाट. तिथे केवलराम नावाचे वैद्य होते, त्यांची नाडीपरीक्षा नामांकित. म्हणे नाडी धरली की माणसानं सकाळी काय खाल्लं तेही सांगतात. केवलरामांनी पंतांचं मनगट धरलं, डोळे मिटले. बराच वेळ गेला. अंगणातली कोंबडी येऊन पंतांच्या पायाशी बसली. पंत श्वास रोखून वाट बघत होते. शहरातल्या डॉक्टरांनी जे ओळखलं नाही ते हा माणूस ओळखणार, अशी त्यांची खात्री होत चालली होती. केवलरामांनी डोळे उघडले आणि मायेनं विचारलं, "कोनो बात के चिंता हे का, साहेब?"

परतीच्या वाटेवर भैय्याजी एकदाही मागे वळून बोलले नाहीत. पण त्यांच्या पाठीवरूनच कळत होतं की त्यांना फार बरं वाटतंय.

इकडे ऑफिसात शाईचे डाग वाढले. अरुणकुमार साहेबांनी पुन्हा दार लावून घेतलं. ते म्हणाले, फिटनेसचा दाखला आणा. नाहीतर नाइलाजानं तुम्हाला रेकॉर्ड रूमला पाठवावं लागेल. रेकॉर्ड रूम म्हणजे जुन्या नकाशांच्या गुंडाळ्यांवरची धूळ झटकायची जागा. तिथे गेलेला माणूस रिटायर होऊनच बाहेर येई. रेघ गेली तर आपल्याकडे दुसरं काय आहे, हे त्यांना त्या क्षणी आठवेना. खरोखर आठवेना.

दाखला ओमप्रकाश डॉक्टरांच्या हातात. ते म्हणाले, मी देतो, पण आधी रायपूरला मनाच्या डॉक्टरांना दाखवून या.

मनाचा डॉक्टर म्हटल्यावर भिलाईत लोकांना पुढचं स्टेशन एकच दिसे, रांचीचं वेड्यांचं इस्पितळ. म्हणून कोणाला सांगायचं नाही असं ठरलं. रायपूरला एका लग्नाला चाललोय, असं लाइनीत सांगितलं. पण भाद्रपदात कोणाचं लग्न, हे भैय्याजींनी विचारलंच. सुशीलाबाईंनी सांगितलं, "पंजाब्याचं आहे." लग्नाला म्हणून सांगितल्यामुळे सुशीलाबाईंना ठेवणीतली जांभळी साडी नेसावी लागली आणि पंतांना कोट. त्या उकाड्यात कोट घालून घामाघूम झालेले, डोळे वटारलेले पंत बसमध्ये चढले तेव्हा कंडक्टरनं त्यांना न मागता खिडकीजवळची जागा दिली.

दवाखान्याच्या पाटीवर डॉ. तारा मिश्रा असं नाव होतं. बाकावर तीन-चार माणसं खाली माना घालून बसली होती. पंतांनीही मान खाली घातली. मग शेजारच्या माणसाचे बूट त्यांना ओळखीचे वाटले. त्यांनी हळूच वर पाहिलं. अरुणकुमार साहेब होते.

दोघांनीही एकदमच आपापले बूट बाकाखाली ओढले.

"साहब, आप?" अखेर पंत म्हणाले.

"मैं... ज़रा बिल्डिंग देखने आया था."

"मैं भी," पंत म्हणाले.

मग दोघांनी छताकडे पाहिलं, आणि बराच वेळ तिथल्या बीमबद्दल अतिशय गंभीर चर्चा केली. बीम अपुरा आहे यावर दोघांचं एकमत झालं. साहेबांचं नाव पुकारलं गेलं तेव्हा ते इतक्या घाईनं उठले की चष्मा बाकावरच राहिला.

डॉ. तारा पन्नाशीच्या होत्या, आवाज शाळेतल्या बाईंसारखा. त्यांनी पंतांना विचारलं, "क्या चिंता रहती है?"

"कोई चिंता नहीं है," पंत म्हणाले. हे वाक्य ते आता झोपेतही म्हणत असत.

"नौकरी? बच्चे? घर?"

"सब ठीक है."

डॉक्टरीणबाईंनी सुशीलाबाईंकडे पाहिलं. "आप बताइए."

"यांले खरंच काही चिंता नाही, मॅडम," सुशीलाबाई म्हणाल्या. रायपूरच्या मॅडमना मराठी समजेल की नाही याचा विचार त्यांनी केला नाही. एकदा सुरू झाल्यावर तो करायला वेळही नव्हता. "चिंता यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. आता पोरगी फर्स्ट इयरले नापास झाली..."

"कोण?" पंत म्हणाले.

"साधना."

"कवा?"

"मागच्या साली. पुन्हा बसली. मी सांगितलं होतं तुमाले, तुमी म्हणले होईल बरं. सासूबाई अंगणात पडल्या, पाय मोडला. मी जाऊन राहिले तिथं. तवाही तुमी म्हणले..."

"मायचा पाय मोडला?"

"आता चालते काठी घेऊन. सरकारी माणूस दोनदा येऊन गेला, मागची भिंत पाडा म्हणून. त्याले भैय्याजींनी समजावलं. अन मागच्या दिवाळीच्या आधी मले छातीत गाठ निघाली."

डॉ. तारांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"ऑपरेशन करून काढली. तपासाले पाठवली, साधी निघाली. म्हणून सांगितलं नाही."

पंतांनी बायकोकडे पाहिलं. वीस वर्षं ज्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी जेवण मागितलं होतं, तो हाच का, अशी शंका यावी तसं पाहिलं. "दिवाळीच्या आधी तर तू नागपूरले गेली होती. माहेरी."

"दवाखान्यात होती मी. इथंच. साधना होती संगं. तुमी म्हणले, नागपूरले जाऊन राहिली तर संत्र्याची बर्फी आन."

"मग बर्फी? बर्फी तर तू आणली होती."

"भैय्याजींच्या जावयानं आणून दिली," सुशीलाबाई म्हणाल्या. "तुमाले आवडते न."

पंतांना त्या बर्फीची चव आठवली. चांगली होती. त्यांनी दोनदा घेतली होती आणि माहेरी सगळे बरे आहेत का, हेही विचारलं नव्हतं. त्यांनी टेबलाची कड धरली. हात थरथरत होता, पण आता तो कशानं थरथरतोय हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

सुशीलाबाई थांबल्या नव्हत्या. इतक्या वर्षांनी कोणीतरी विचारलं होतं. "अन आता हे. रोजचं वाळणं. पँटा मी आटवून राहिले अन शर्टाच्या गळ्याचं बटन पुढं सरकवून राहिले. माणूस सगळीकडून कमी होऊन राहिला अन गळ्यातच कसा..."

"रुकिए," डॉ. तारा म्हणाल्या. "गले का बटन?"

"हो न. लागूनच नाही राहिलं. दोनदा सरकवलं."

डॉक्टरीणबाई उठून पंतांच्या मागे आल्या. कोट काढायला लावला, कॉलर उघडायला लावली, आणि दोन्ही हातांची बोटं त्यांच्या गळ्यावर ठेवली. "पानी का घूँट लीजिए. निगलिए." पंतांनी घोट गिळला. त्यांनी हात पुढे करायला सांगून त्यावर कागद ठेवला, कागद फडफडला. डोळ्यांकडे वाकून पाहिलं.

"अब तक किसी ने गला नहीं देखा?"

पंतांनी आठवून पाहिलं. एवढ्या महिन्यांत डॉक्टरांनी, वैद्यांनी, साहेबांनी आणि अख्ख्या हुडकोनं त्यांच्या मनात हात घालून पाहिला होता. गळ्याला कोणीच लावला नव्हता. आणि लावला तो मनाच्या डॉक्टरनं.

बाईंनी मग समजावून सांगितलं. गळ्यात एक ग्रंथी असते, थायरॉइड म्हणतात. ती वाजवीपेक्षा जास्त काम करायला लागली की शरीराची भट्टी भडकते. घाम, धडधड, भूक, वाळणं, हात थरथरणं, सगळं तिचंच. आणखी काही महिने असंच चाललं असतं तर काळजावर आलं असतं. रक्त मुंबईला पाठवू, पण मला शंका नाही.

"मतलब टेन्शन नहीं है?" पंतांनी विचारलं.

"आपको?" डॉ. तारांनी एकवार सुशीलाबाईंकडे पाहिलं. "आपको बिल्कुल नहीं है."

बसमध्ये दोघं शेजारी बसले. पंतांनी कोट मांडीवर घेतला होता. जे सिद्ध करायला ते एवढे वणवण फिरले ते सिद्ध झालं होतं, आणि त्यांना त्याचा काडीचा आनंद होत नव्हता. कुम्हारी मागे पडल्यावर त्यांनी विचारलं, "कावून नाही सांगितलं तू मले?"

सुशीलाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. "सांगून पाह्यलं होतं न पहिल्यांदा. गाठ लागून राहिली म्हणून. तुमी पेपर वाचत होते."

"मी काय म्हणलो?"

त्यांनी खिडकीची काच ओढून घेतली. आपण काय म्हणालो असू ते पंतांना माहीत होतं.

मुंबईचा रिपोर्ट आला, तो या वेळी संपूर्ण आडनावानिशी. इवल्याशा गोळ्या सुरू झाल्या. पाऊस सरून थंडी लागेपर्यंत घाम गेला, धडधड गेली, पँटा पुन्हा उसवून सैल कराव्या लागल्या. लाइनीची फार निराशा झाली. थायरॉइड हा शब्दच कोणाला आवडला नाही. त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. भैय्याजींनी शेवटपर्यंत मान्य केलं नाही. ते म्हणत, "ग्रंथी तर आहेच; पण तिले बिघडवलं कोणं?"

आता फक्त दाखला राहिला होता. पंत ओमप्रकाश डॉक्टरांकडे गेले. ज्या टेबलावर रिपोर्ट आपटायचा असं ठरवलं होतं तिथे तो हळूच ठेवला. डॉक्टरांनी वाचला, मोकळेपणानं स्वतःच्या कपाळावर हात मारला, पंतांचा हात धरून बघितला. दगडासारखा स्थिर. त्यांनी दाखल्याचं पॅड ओढलं, पेनचं टोपण काढलं आणि रीत म्हणून विचारलं, "अब तो कोई टेन्शन नहीं?"

पंतांनी 'नहीं' म्हणायला तोंड उघडलं. साधनाची परीक्षा मार्चात होती आणि तिला केमिस्ट्री जमत नव्हती. हे त्यांना आता माहीत होतं. आईच्या काठीचं रबर झिजलं होतं. भिंतीचा माणूस पुन्हा येऊन गेला होता. आणि परवा सुशीला आरशासमोर उभी असताना तिचा हात छातीशी जाऊन थांबलेला त्यांनी दारातून पाहिला होता.

"है," पंत म्हणाले. "बहुत है."

पेन थांबलं. डॉक्टरांनी टोपण पुन्हा लावलं, आणि त्याच जुन्या दयाळू नजरेनं म्हणाले, पांडेजी, घाई नको, आणखी पंधरा दिवस विश्रांती घ्या, मग बघू.

पंत घरी आले ते बधिर होऊन. इतके महिने टेन्शन नाही म्हणून सांगितलं तर कोणी ऐकलं नाही, आणि आज खरं सांगितलं तर दाखला गेला. सुशीलाबाई मागच्या अंगणात सूप घेऊन तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बाप्पा, दवाखान्यात कोणी सांगते का असं?"

"मग कोणाले सांगू?"

सुशीलाबाईंनी पोत्यावर थोडी जागा केली. "बसा. मले सांगा."

पंत बसले. कोणाला काही सांगायची सवय नव्हती, त्यामुळे आधी घसा खाकरला. "मायच्या काठीचं रबर..."

"नवीन आणलं मी. दुसरं सांगा."

"साधनाची केमिस्ट्री."

"शिकवणी लावली सोमवारपासून. ह्या माह्याच चिंता आहेत सगळ्या. तुमची कोणती थे सांगा."

पलीकडच्या भिंतीमागे भैय्याजींच्या चपला वाजल्या आणि थबकल्या. पंतांना त्याचं भान नव्हतं. ते तांदळाकडे बघत म्हणाले, "थे गाठ. पुन्हा नाही न येणार?"

सूप थांबलं. सुशीलाबाईंनी ते बाजूला सारलं आणि पदरानं डोळे न पुसता, अगदी सरळ बघत म्हणाल्या, "मले माहीत नाही."

"होईल..." पंतांच्या तोंडून सवयीनं आलं, आणि तिथेच अडकलं. पुढचा शब्द त्यांना उच्चारवेना. त्यांनी सूप आपल्या मांडीवर ओढलं आणि खडे वेचायला सुरुवात केली.